परसातलं कागदी लिंबू: पानाआधी आळं बघा

लिंबाबद्दलची पत्रं साठली होती, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळी जुन्या, फळत्या झाडांची आहेत. आमच्याकडे नुसतं 'लिंब' म्हटलं की कडुनिंबही समजतात, म्हणून सांगून ठेवतो: इथे प्रत्येक ठिकाणी कागदी लिंबू. पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. पान बिघडलं की माणूस थेट औषधाच्या दुकानात जातो. सोलापूरच्या जमिनीत आणि सोलापूरच्या पाण्यात लिंबाचं दुखणं बहुतेकदा बुंध्याशी नाहीतर मुळाशी सुरू होतं. त्यामुळे खालच्या उत्तरांत फवारणी जरा उशिरा येईल.

प्रश्न (जुळे सोलापूर): झाड बारा वर्षांचं. नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. युरिया दिला, शेणखत दिलं. शेजारी म्हणाले लोह कमी आहे, म्हणून पावशेर हिराकसही (फेरस सल्फेट) आळ्यात टाकला. काहीच फरक नाही.

उत्तर: शेजाऱ्यांचं निदान बरोबर आहे, उपाय चुकला. तुमच्या मातीत लोह असणार. चुनखडीने ते अडवून धरलं असावं. खात्री घरीच करता येते. आळ्यातलं वीतभर खोलीवरचं सुकं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर पाच-सहा थेंब व्हिनेगर टाका. कान जवळ न्या. सोडावॉटरसारखी चरचर ऐकू आली, बारीक बुडबुडे दिसले, तर माती चुनखडीची. घर बांधताना पायाचा मुरूम परसात पसरलेला असेल तर त्यात पांढरे खडेही सापडतील.

अशा मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर असतो. त्यात मोकळा हिराकस टाकला की त्यातलं लोह थोड्याच दिवसांत गंजासारखं घट्ट होऊन बसतं, मुळाला उचलता येत नाही. युरियाने नवी पालवी जोरात फुटली आणि लोहाची मागणी वाढली, त्यामुळे पिवळेपणा उलट जास्तच दिसला असणार.

'गंधक टाकून माती सुधारा' हा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याचा हिशेब एकदा करून बघावा. चार मीटर रुंद झाडाखालची फूटभर खोल माती साधारण ५ टन भरते. तिच्यात १० टक्के चुनखडी धरली तर ती झाली ५०० किलो. एवढी चुनखडी संपवायला दीडशे किलोंच्या वर गंधक लागेल. म्हणजे सगळी माती बदलण्याचा नाद सोडायचा आणि झाडाला जेवढं पुरेल तेवढ्याच जागा सुधारायच्या.

भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते त्या रेषेवर फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल असे दोन खड्डे एका बाजूला घ्या. प्रत्येकात ५ किलो कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम गंधक भुकटी आणि १०० ग्रॅम हिराकस. हे मिश्रण आधी पंधरा-वीस दिवस ओलसर ठेवून मुरवायचं आणि मग भरायचं. शेणखताशी बांधलेलं लोह जास्त दिवस टिकतं. समोरच्या बाजूचे दोन खड्डे सहा महिन्यांनी. चारही एकदम घेतले तर तेवढी मुळं एकदम तुटतात.

लवकर गुण हवा असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह. पण डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. 'ईडीटीए' लिहिलेलं आपल्या जमिनीत लवकर निकामी होतं, ते फवारणीला ठीक. जमिनीतून द्यायला 'ईडीडीएचए'च लागतं. ते महाग आहे आणि पाण्यात पडलं की गडद लाल रंग सोडतं. ५० ग्रॅम २० लिटर पाण्यात कालवून सावलीच्या रेषेवर उथळ चरी काढून संध्याकाळी ओता, वर माती ओढा, कारण उन्हात ते खराब होतं. फेब्रुवारीत एकदा, जूनच्या पालवीला एकदा. गुण नव्या पानांवर बघायचा. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. फवारणीच करायची असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, उन्हं उतरल्यावर. खालच्या फरशीवर पोतं अंथरा, गंजाचे डाग निघता निघत नाहीत.

आणखी एक. पावसाळ्यात पाणी तुंबलं की हाच पिवळेपणा वाढतो. तेव्हा खत न देता पाण्याला वाट काढून द्यायची.

सगळे पिवळेपणे एक नसतात, तेवढं ओळखता आलं तरी बरेच पैसे वाचतात. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी, हे लोह. शेंड्याची पानं बारीक, अरुंद, झुबक्यात आलेली आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे, हे जस्त. त्याला १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना गाळून फवारा, पालवी दोन-तृतीयांश वाढलेली असताना. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकी पिवळं, हे मॅग्नेशियम. जुनी पानं आखी पिवळी पडून गळतात, तेव्हा मात्र नत्र कमी. युरियाचा उपयोग तिथेच.

प्रश्न (होटगी रोड): बुंध्यातून मधासारखा डिंक येतोय, सालीला उभी चीर पडली आहे. दोन वर्षांपूर्वी झाडाभोवती विटांचा छान पार बांधून त्यात माती भरली. त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: दाट संशय त्याच पारावर आहे. लिंबाच्या बुंध्याची साल जमिनीवर कोरडी राहायला हवी. पारातल्या मातीने ती फूटभर गाडली गेली, ओल धरली आणि मातीतल्या फायटोफ्थोरा बुरशीला आयती वाट मिळाली. याला डिंक्या म्हणतात. कलमाचं झाड असेल तर कलमाचा सांधाही गाडला गेला असेल, आणि सांध्याच्या वरचं कागदी लिंबू या बुरशीपुढे फारच नाजूक.

आधी एक शंका दूर करा. डिंकाजवळ बारीक छिद्र, लाकडाचा भुसा आणि जाळी असेल तर ती साल पोखरणारी अळी. तार घालून छिद्र साफ करायचं, पेट्रोलचा बोळा आत सारायचा, ओल्या मातीने तोंड बंद करायचं. तेवढ्यात काम होतं. छिद्र नसेल, साल दाबली तर मऊ लागत असेल आणि आत तपकिरी, आंबूस वासाची असेल, तर डिंक्याच.

पार फोडा. पहिली जाड मुळं बुंध्यातून जिथे फुटतात तो भाग उघडा होईपर्यंत माती हाताने किंवा खुरप्याने काढा. कुदळ घालू नका, नवी जखम होईल. मग धारदार चाकूने कुजलेली साल खरवडा. कडेला निरोगी हिरवट-पांढरी साल दिसली की थांबायचं. आता बुंध्याचा घेर बघा. साल निम्म्यापेक्षा कमी घेरात गेली असेल तर झाड सावरायला चांगला वाव आहे. तीन-चतुर्थांश गेली असेल तर खर्च करू नका, दुसरं रोप लावा, आणि त्याच खड्ड्यात नको.

खरवडलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट. दुकानातली तयार भुकटी मिळते, पण घरची ताजी जास्त चिकटते:

१०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडाची बादली चालत नाही. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालत विरवा, तो उकळतो, तोंड लांब ठेवा. थंड झाला की अर्धा लिटर करून गाळा. पानाच्या चुन्याची डबी किंवा हवेत पडून भुगा झालेला चुना घेऊ नका, त्यात जोर नसतो. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळा. आकाशी निळा, दह्यासारखा लगदा होतो. त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय आणि ते साल जाळेल; चुन्याचं पाणी थोडं वाढवा आणि पुन्हा बघा. पातं स्वच्छ निघालं की ब्रशने जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत लावा. त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही.

मुळांसाठी मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, मोठ्या झाडाला ८ ते १० लिटर द्रावण, आळ्यातली माती ओलसर असताना. बोर्डो पेस्ट पुढे दरवर्षी दोनदा लावत जा, मेअखेर आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. संक्रांतीला गेरू-चुना लावून बुंधा सजवतात, तो दिसायला छान आणि उन्हापासूनही सालीला थोडं वाचवतो, पण डिंक्याला उपयोगाचा नाही.

आळं दुहेरी करा. बुंध्यापासून दीड फुटावर मातीचा एक गोल वरंबा, तो आत पाणी येऊ देत नाही. दुसरा वरंबा सावलीच्या रेषेबाहेर. पाणी या दोन वरंब्यांच्या मध्ये. बुंध्याला पाणी लागायचं काही कारण नाही. पाणी पिणारी बारीक मुळं तिथे नसतातच, ती बाहेरच्या अंगाला, वरच्या दीड-दोन फुटांत पसरलेली असतात.

प्रश्न (विजापूर रोड): नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात या झाडाला नेमकं किती पाणी लागतं? बोअरचं पाणी खारट आहे. आरओचं वाया जाणारं पाणी घातलं तर चालेल का?

उत्तर: ढोबळ हिशेब असा. झाडाची रुंदी चार मीटर असेल तर सावलीचं क्षेत्र साधारण साडेबारा चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं आणि त्यातलं सत्तर टक्के झाडासाठी घेतलं, तर दिवसाला ७० लिटर होतात. थंडीत त्याच्या निम्मे. हे रोज घालायचं नाही. काळी खोल माती असेल तर आठवड्यातून एकदा, दोनशे लिटरची अडीच पिंपं सावकाश मुरू द्या. मुरमाची जमीन पाणी धरत नाही, तिथे तीन-चार दिवसांनी दोनशे-अडीचशे लिटर. घालण्यापूर्वी वीतभर माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला आणि फुटला नाही, तर आज पाणी नको.

पाण्याची बचत पाइपापेक्षा आच्छादनाने जास्त होते. उसाचं पाचट, कडब्याची कुट्टी, तुरीचा भुसा, जे मिळेल ते चार-पाच बोटं जाड पसरा, बुंध्यापासून फूटभर सोडून. वाळवी दिसली तर आच्छादन बाजूला करून जमीन दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. लिंबाला वाळवीपेक्षा उघड्या जमिनीचा ताव जास्त त्रास देतो.

आरओचं पाणी नको. तीन लिटरमागे एक लिटर गोड पाणी काढणाऱ्या यंत्राच्या टाकाऊ पाण्यात क्षार मूळ पाण्याच्या दीडपट होतात. लिंबूवर्गीय झाडं क्षाराला फार हळवी आहेत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेनासारखं यंत्र कुणाकडून आणून बघा. ७०० पीपीएमपर्यंत निर्धास्त घाला. त्यापुढे फळ हळूहळू कमी होत जातं, आणि २००० च्या आसपास उत्पन्न निम्म्यावर येऊ शकतं. पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी होणं ही पहिली खूण. बोअरचं पाणी वापरावंच लागत असेल तर पानांवर उडवू नका, दर तिसऱ्या-चौथ्या पाण्याला नळाचं भरपूर पाणी देऊन क्षार खाली लोटा, आणि पावसाचा गच्चीवरचा पन्हाळ आळ्यात सोडा. हजार चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की आठशे-नऊशे लिटर गोड पाणी सहज मिळतं. बाहेर जायला वाट मात्र ठेवा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बिनधास्त, कपड्याच्या मशीनचं नको.

प्रश्न (बाळे): झाड हिरवंगार, दहा फूट उंच, रोज पाइपने पाणी. पण फळं वर्षाला जेमतेम पन्नास. फूलच कमी येतं.

उत्तर: रोजचं पाणी बंद करा. लिंबू पाण्याचा ताण बसल्यावर फुलतं. त्याला सतत पाणी आणि वर नत्र मिळालं तर ते पालवी काढत बसतं, फुलाचं नाव घेत नाही.

सोलापुरात परसातल्या झाडाला आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचं फूल, सोपा, कारण तेव्हा आभाळ कोरडं असतं. काळ्या जमिनीत नोव्हेंबरअखेरपासून, मुरमाच्या जमिनीत डिसेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करत बंद. मुरमाच्या जमिनीत २५ ते ३० दिवस, काळ्या खोल जमिनीत ४५ ते ६० दिवस. पानं दुपारी मलूल होऊन वळतात आणि पाव हिस्सा पानं गळतात, तेवढा ताण पुरे. त्यापुढे नेला तर फांद्या वाळतात. सिद्धेश्वरांची यात्रा भरते त्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, ताण तोडायचा. पण पहिलं पाणी निम्मंच, चार-पाच दिवसांनी दुसरं थोडं जास्त, तिसरं पूर्ण. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं की फुलाऐवजी पालवी जोर धरते. फेब्रुवारीत फूल, जून-जुलैत लिंबू.

काही जण ताणासाठी मुळं उघडी करतात. घरच्या एकुलत्या झाडाला तेवढा छळ नको.

उन्हाळ्यात लिंबू महाग असतं तेव्हा घरचं यावं असं सगळ्यांनाच वाटतं. त्यासाठी हस्त बहार धरावा लागतो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचं फूल. पण ताण द्यायच्या दिवसांतच पाऊस असतो. शेतकरी त्यासाठी जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड, सप्टेंबरात सायकोसिल आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट फवारतात. परसातल्या एका झाडासाठी हा खटाटोप परवडत नाही. जूनची लिंबं लोणच्यात घाला, नाहीतर रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

झाड बी लावून आलेलं आणि अजून चार-पाच वर्षांचंच असेल, किंवा दिवसात सहा तासही ऊन मिळत नसेल, तर मात्र ताण देऊन उपयोग नाही.

प्रश्न (अक्कलकोट रोड): पानांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी ठिपके, भोवती पिवळं वलय. शिवाय कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा. दोन वेगळे रोग आहेत का?

उत्तर: वेगळे आहेत, पण एकमेकांना धरून आहेत. ठिपके खैऱ्याचे, तो जिवाणूजन्य रोग. रेघा नागअळीच्या, ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पोखरते. पोखरलेल्या जागेतून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू आत जातो. म्हणून खैऱ्या हटवायचा तर नागअळीला पालवीतच धरा. नवी पालवी बोटभर झाली की ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून पिळून १० लिटर करायचं. दहा दिवसांनी पुन्हा. पोखरलेली पानं खुडत बसू नका, तीही झाडाला अन्न देतात. जुन्या झाडाला नुसत्या नागअळीने फार बिघडत नाही.

खैऱ्यासाठी पावसाआधी रोगट काड्या छाटून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. मग १० लिटरला ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, पुढे महिन्या-महिन्याच्या अंतराने आणखी दोन. बागायतदार त्यात प्रतिजैविक मिसळतात. जिथलं फळ उद्या घरच्या सरबतात जाणार, तिथे ते नको, तांबं पुरतं. फवारल्यावर पंधरा दिवस फळ काढू नका. ठिपक्यांचं लिंबू खायला चालतं, फक्त दिसायला कुरूप.

कोणतंही कीटकनाशक घ्यायची वेळ आलीच तर पुडक्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल आणि पिवळा घराच्या अंगणात आणूच नये.

प्रश्न (शेळगी): ऑगस्टमध्ये पिकत आलेली लिंबं झाडावरच तडकतात.

उत्तर: उघडीप पडते, साल कडक होते, मग जोराचा पाऊस येतो आणि आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर पाऊस नसेल तर आळ्याला पाणी द्या, 'पावसाळा आहे' म्हणून सोडू नका. आच्छादन आणि पालाश (पोटॅश) यांनी प्रमाण कमी होतं. फळ पिवळं व्हायची वाट न बघता हिरवट-पिवळं, सालीला चकाकी आली की काढा. रस तेव्हाच भरलेला असतो.

प्रश्न (मुरारजी पेठ): पंधरा वर्षांचं झाड फार दाट झालंय. मेमध्ये सुट्टी असते, तेव्हा निम्मं छाटून टाकू का?

उत्तर: मेमध्ये नको. पानांच्या सावलीत वाढलेली साल अचानक ४२-४३ अंशांच्या उन्हात आली की भाजते, चिरते आणि तिथूनच पुढे कूज शिरते. लिंबाला डाळिंबासारखी दरवर्षीची छाटणी लागत नाही.

फळं निघाल्यावर, ऊन ओसरल्यावर, एवढंच करा. वाळलेली सल (सुकलेल्या काड्या-फांद्या) काढा, काढताना जिवंत लाकडात बोटभर आत कापा. फांद्यांच्या मधून सरळ आभाळाकडे जाणारे जाड, मोठ्या काट्यांचे, तिधारी पाणसोट जिथून फुटले तिथूनच कापा; कोवळे असताना हातानेच उपटले तर पुन्हा कमी फुटतात. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला धुमारा तर लगेच काढा. तो जंभेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो, कागदीपेक्षा जोरात वाढतो, आणि चार वर्षांनी 'आमच्या झाडाची लिंबं बदलली' अशी पत्रं येतात ती यामुळे. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या दीड-दोन फूट वर उचला. एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त हिरवं काढू नका. बोटापेक्षा जाड जखमेला बोर्डो पेस्ट, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री जंतुनाशकात बुडवा.

प्रश्न (सात रस्ता): जुन्या झाडाला वर्षाचं खत नेमकं किती?

उत्तर: दहा वर्षांच्या फळत्या झाडाला शेणखत २० ते २५ किलो, निंबोळी पेंड २ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलो, पोटॅशियम सल्फेट ६०० ग्रॅम. हे सगळं ताण तोडताना, जानेवारीत. नत्रासाठी अमोनियम सल्फेट सव्वादोन किलो. निम्मं तेव्हाच, उरलेलं निम्मं, फळ वाटाण्याएवढं झाल्यावर, दोन हप्त्यांत. युरिया घेतला तर एक किलोत तेवढंच नत्र मिळतं आणि स्वस्तही पडतो, पण चुनखडीच्या जमिनीवर वरच पडून राहिला तर त्यातलं बरंच हवेत उडून जातं. अमोनियम सल्फेटही तिथे वर पडू देऊ नका. दोन्ही मातीत मिसळून लगेच पाणी द्या. म्युरिएट ऑफ पोटॅश टाळा, त्यातलं क्लोराइड खाऱ्या पाण्याच्या झाडाला नको असतं. सुपर फॉस्फेट शेणखतात कालवूनच द्या, नुसतं टाकलं तर चुनखडी धरून बसते. खत सावलीच्या रेषेच्या आतबाहेर पसरून खुरप्याने दोन-तीन इंच मिसळायचं. बुंध्याशी ढीग घालू नका. झाड डिंक्याने किंवा तुंबलेल्या पाण्याने आजारी असेल तर बरं होईपर्यंत रासायनिक खत बंद.

बुंध्यात खिळा ठोकणं, ताक ओतणं, अंड्याची टरफलं पुरणं याबद्दलही विचारलंय. खिळ्याने जखम होते. ताकाने काही बिघडत नाही, पण चुनखडीच्या शेकडो किलोंपुढे तांब्याभर ताक काय करणार! टरफलं म्हणजे पुन्हा चुनाच, आपल्या मातीत त्याची काही कमी नाही.

प्रश्न (हत्तुरे वस्ती): पानांवर काजळीसारखा काळा थर, आणि झाडावर मुंग्यांची रांग. शिवाय पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानं खाते.

उत्तर: काजळी ही कोळशी. काळी माशी किंवा पिठ्या ढेकूण पानामागे गोड चिकटा सोडतात, त्यावर ती बुरशी वाढते. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि किडींचे शत्रू हाकलतात. बुंध्यावर कागदाचा पट्टा बांधून त्याला ग्रीस लावा (ग्रीस थेट सालीला नको), भिंतीला टेकलेल्या फांद्या कापा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील. पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा, मग १० लिटरला ३० मिली निंबोळी तेल आणि चमचाभर साबण, संध्याकाळी.

अळी लिंबावरच्या फुलपाखराची. लहानपणी विष्ठेसारखी, मोठी झाली की हिरवी. हात लावला की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही. मोठ्या झाडाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. रोप असेल तर वेचा.

प्रश्न (कुंभारी): अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. लिंबाभोवती किती जागा सोडायची?

उत्तर: किमान सहा फूट व्यासाची, जमलं तर सावलीएवढी. जिथे ब्लॉक घालणारच आहात तिथे खाली सिमेंटचा थर नको, वाळूवर बसवा म्हणजे फटींतून पाणी आणि हवा जाईल. उतार झाडाकडे ठेवू नका, आणि काम चालू असताना गवंड्याला सिमेंटचं घमेलं आळ्यात धुऊ देऊ नका.